भेदरलेल्या सिक्लिड माशांना धीर कसा द्यावा

टाकीसमोर माणूस उभा राहताच सगळे मासे फिल्टरच्या पाठीमागे दडतात, दिवा लावला की काचेवर धडका मारतात आणि खाणे टाकले तरी माणूस खोलीबाहेर जाईपर्यंत त्याला तोंड लावत नाहीत, अशी तक्रार सिक्लिड पाळणाऱ्यांकडून नेहमी ऐकू येते. एंजल, डिस्कस, ऑस्कर, सेव्हरम हे दक्षिण अमेरिकेतले मासे, आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले, खडकांत राहणारे रंगीत म्बुना आणि संकरातून तयार झालेले पॅरट व फ्लॉवरहॉर्न हे सारे याच सिक्लिड कुळातले. कोकणातल्या आणि गोव्यातल्या खाड्यांमध्ये मिळणारा, आपल्या ताटातला कालुंदरही याच कुळातला आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. या कुळातले मासे अंडी घालून निघून जात नाहीत. ते अंड्यांची आणि पिल्लांची राखण करतात, जागेवर हक्क सांगतात आणि आजूबाजूला काय चालले आहे यावर बारीक नजर ठेवतात. त्यांच्यातली जी सावधता आपल्याला आवडते, तीच सदोष टाकीत भीतीचे रूप घेते.

नदीकाठच्या बुडालेल्या मुळांत किंवा खडकांच्या कपारीत राहणाऱ्या माशाला वरून झडप घालणारा खंड्या आणि बगळा यांची भीती जन्मजात असते. काचेच्या टाकीत त्याला चारही बाजूंनी उघडे पडल्यासारखे होते, डोक्यावर प्रखर दिवा असतो आणि दडायला एखादे प्लास्टिकचे झाड असते. मासा लपतो म्हणून त्याला भित्रा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. बाहेर धोका नाही असे दाखवणारी एकही खूण त्याला मिळत नसते. म्हणून आधी त्याला खरोखर त्रास देणारी कारणे दूर करावीत, मग आडोसा द्यावा आणि शेवटी धोका नसल्याची खूण द्यावी. हा क्रम उलटा केला, तर हाती काही लागत नाही.

आधी तीन दिवस फक्त निरीक्षण

मासे घाबरलेले दिसले की औषध टाकणे, सजावट हलवणे, सगळे पाणी बदलणे अशी घाई बहुतेक जण करतात आणि त्यामुळे भीती वाढतेच. मासे नुकतेच आणलेले असतील, तर दोन आठवडे लपून राहणे स्वाभाविक आहे. तेवढा काळ त्यांना द्यावा. मासे जुने असतील, तर टाकीपासून सात-आठ फुटांवर खुर्ची टाकून सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटे स्थिर बसावे आणि जे दिसेल ते वहीत लिहावे. सगळेच मासे लपतात की एखादाच? दिवा लागताना, दार आपटताना की कोणी जवळून जाताना? त्यांचा रंग कसा आहे? डिस्कस घाबरला की काळवंडतो आणि त्याचे उभे पट्टे गडद होतात, तर ऑस्कर कित्येकदा तळाशी एका कुशीवर पडून राहतो आणि नवख्या माणसाला तो मेला असेच वाटते.

या नोंदींवरून पुढची दिशा ठरते. सगळे मासे एकदम आणि अचानक भेदरले असतील, तर पहिला संशय पाण्यावर घ्यावा. एकच मासा कोपऱ्यात राहत असेल, तर त्याला कोणीतरी छळत असते किंवा तो आजारी असतो. अंग दगडावर घासणे, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा, डोक्यावर खड्डे, किंवा शांत असतानाही कल्ल्यांची जोरजोरात उघडझाप ही आजाराची लक्षणे आहेत. तिथे आडोसा आणि अंधार यांनी भागणार नाही, निदान करून उपचारच करावे लागतील. मात्र कारण कळण्याआधी दुकानातली निळी बाटली, म्हणजे मिथिलीन ब्लू, मुख्य टाकीत ओतू नये, कारण फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंनाही त्यामुळे अपाय होतो आणि मग पाणी खरोखरच बिघडते.

पाणी तपासणे

पाणी स्वच्छ दिसते म्हणजे ते चांगले असते असे नाही. अमोनिया आणि नायट्राइट ही दोन्ही विषारी द्रव्ये डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून थेंबांचे परीक्षण-संच घरी असलेच पाहिजेत. या दोन्हींचे प्रमाण शून्य असायला हवे. नायट्रेट दर लिटरला २० मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याखाली ठेवावे, आणि ४० च्या वर गेले तर पाणीबदल वाढवावा. पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा) आणि तापमान जितके जास्त, तितका अमोनिया अधिक घातक ठरतो. म्हणून जास्त पीएच लागणाऱ्या मलावीच्या माशांच्या टाकीत अमोनियाची थोडी मात्राही खपवून घेऊ नये.

एंजल आणि ऑस्करला साधारण २५ ते २८ अंश सेल्सिअस तापमान मानवते, डिस्कसला २८ ते ३० अंश लागते आणि म्बुनाला २४ ते २७ पुरेसे होते. पीएचच्या बाबतीत मात्र आकड्यापेक्षा स्थैर्य महत्त्वाचे आहे. टाकीत जन्मलेला एंजल ७.५ पीएचलाही सुखाने राहतो. पण सकाळी ६.८ आणि संध्याकाळी ७.८ अशा हेलकाव्यांत कोणताही मासा बेचैन होतो. महाराष्ट्रात या हेलकाव्याचे एक कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही. उन्हाळ्यात अनेक सोसायट्यांमध्ये नळाचे पाणी कमी पडते आणि टँकर येतो. नळाला धरणाचे मऊ, म्हणजे कमी क्षारांचे पाणी आणि टँकरमध्ये बोअरवेलचे जड, म्हणजे जास्त क्षारांचे पाणी असेल, तर आठवड्याच्या नेहमीच्या पाणीबदलातून टाकीचे रसायनच बदलून जाते. मार्च ते जूनमध्ये प्रत्येक पाणीबदलाच्या आधी बादलीतल्या पाण्याचा पीएच पाहण्याची सवय लावावी. फरक मोठा दिसला, तर एकदम २५ टक्के बदलण्याऐवजी रोज ५ ते ८ टक्के बदलावे.

एरवी आठवड्यातून एकदा २० ते ३० टक्के पाणी बदलणे योग्य. नव्या पाण्याचे तापमान टाकीच्या पाण्यापेक्षा एक-दोन अंशांहून अधिक वेगळे नसावे आणि त्यात अँटी-क्लोरीन घालूनच ते ओतावे. पाणी २४ तास उघडे ठेवले की क्लोरीन उडून जाते, हे खरे. पण पाणी शुद्ध करताना क्लोरामिन (क्लोरीन आणि अमोनियाचे संयुग) वापरलेले असेल, तर ते असे उडत नाही. पाणी बदलताना हात, पाइप आणि बादली यांची धावपळ वरून होते, म्हणजे नेमकी शिकारी पक्षी येतो त्या दिशेने. म्हणून टाकीचा दिवा बंद ठेवावा आणि पाइप एकाच कोपऱ्यातून सावकाश आत सोडावा.

छळणारा मासा शोधणे

आडोसा देण्याआधी टाकीत गुंड नाही याची खात्री करून घ्यावी. दोन ऑस्कर किंवा दोन सेव्हरम तीन फुटी टाकीत ठेवले, तर त्यांतला एक दुसऱ्याला बहुधा जगू देत नाही. ऑस्कर ३० सेंटिमीटरच्या पुढे वाढतो; जोडी ठेवायची असेल, तर सहा फुटी टाकी धरावी. एंजलची जोडी जमली की ती अर्धी टाकी अडवते आणि उरलेल्या चार-पाच एंजलना वरच्या कोपऱ्यात कोंडून टाकते. अशा वेळी जोडीला वेगळी टाकी देणे हाच उपाय आहे. डिस्कसचे उलट आहे. दोन-तीन डिस्कस एकमेकांना छळतात, पण सहा किंवा अधिक असले की मार विभागला जातो आणि सगळे धीट होतात. जागा बदलणे शक्य नसेल, तर सगळी सजावट एकाच वेळी नव्याने मांडावी. जुन्या हद्दी पुसल्या गेल्याने गुंडाचा जोर काही दिवस ओसरतो. मात्र तेवढ्यावर कायम विसंबता येत नाही.

टाकीची जागा आणि आवाज

माशाला माणसाचे बोलणे फारसे त्रास देत नाही, पण जमिनीतून येणारी कंपने त्याला अंगाच्या दोन्ही बाजूंच्या संवेदी रेषेतून जाणवतात. वॉशिंग मशीनच्या भिंतीला टेकलेली, दरवाजाच्या फटकाऱ्यात असलेली किंवा टीव्हीच्या स्पीकरशेजारची टाकी कधीच शांत होत नाही. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत सुमारे २५० लिटर पाणी मावते, म्हणजे पाण्याचेच वजन अडीचशे किलो होते. ती एकदा भरली की हलवणे अवघड, म्हणून जागा आधीच विचारपूर्वक निवडावी. टाकीखाली थर्माकोलचा किंवा फोमचा सपाट थर द्यावा आणि एअर पंप स्टँडला न टेकवता दोरीने टांगावा किंवा स्पंजवर ठेवावा.

उंचीचाही विचार करावा. गुडघ्याएवढ्या उंचीवरच्या टाकीतल्या माशाला प्रत्येक येणारा माणूस वरून कोसळणाऱ्या सावलीसारखा दिसतो. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला किंवा त्याहून थोडी वर टाकी असली, तर तेच मासे पुष्कळ शांत राहतात. येण्याजाण्याच्या वाटेवरची टाकी हलवता येत नसेल, तर वाटेकडच्या बाजूची काच झाकावी.

तळ, पाठ आणि आडोसा

मागची आणि दोन्ही बाजूंची काच बाहेरून काळ्या किंवा गडद निळ्या चार्टपेपरने झाकावी. स्टेशनरीच्या दुकानात अगदी थोड्या पैशांत होणारा हा उपाय महागड्या औषधांहून अधिक परिणामकारक ठरतो, असा माझा अनुभव आहे. तळाला पांढरे चकचकीत खडे किंवा नुसती काच असेल, तर खालून उजेड परावर्तित होतो आणि मासा फिकट व अस्वस्थ राहतो. त्याऐवजी गडद रंगाची, चाळून आणि पाणी नितळ येईपर्यंत धुतलेली बारीक वाळू पसरावी. शिंपले-प्रवाळाचा चुरा फक्त मलावी आणि टांगानिका सरोवरांच्या माशांसाठी योग्य. इतरांच्या टाकीत त्याने पाणी जड होत जाते. बाहेरून आणलेल्या दगडावर व्हिनेगरचे थेंब टाकून पाहावेत. फेस आला तर त्यात चुना आहे आणि तोही पाणी जड करील असे समजावे.

आता आडोसा. लपायला जागा दिली तर मासे सतत लपूनच राहतील, अशी शंका हमखास घेतली जाते, आणि पहिल्यांदा टाकी लावताना मीही याच समजुतीने सगळी सजावट काढून टाकली होती. चार फुटी टाकीत सहा एंजल होते आणि त्यांनी पुढचे दोन महिने हीटर व काच यांच्यामधल्या फटीत काढले. मग मी उंच लाकडे उभी केली, मागे रुंद पानांची रोपे लावली, आणि दहा दिवसांत ते पुढे येऊ लागले. शेपटी दोनदा हलवली की घर गाठता येते हे कळले, तरच मासा घराबाहेर पडतो. पळायला जागाच नसेल, तर तो आहे त्या फटीतून हलत नाही.

आडोसा माशाच्या सवयीप्रमाणे द्यावा. उभ्या, चपट्या अंगाच्या एंजल आणि डिस्कसला गुहा नको असते; त्यांना उभी लाकडे आणि त्यांच्यामधल्या अरुंद गल्ल्या लागतात. म्बुनाला दगडांचा ढीग हवा, ज्यात प्रत्येकाला स्वतंत्र कपार आणि दोन तोंडे असतील. ऑस्कर आणि पॅरट यांना कुंभाराकडची झिलई नसलेली मातीची कुंडी आडवी ठेवली किंवा चार इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे दिले तरी पुरते. रॅम आणि अपिस्टोग्रामा या बुटक्या सिक्लिडना अर्धी करवंटी फार आवडते; आतला खोबऱ्याचा अंश पूर्ण खरवडून, उकळून मगच ती टाकीत ठेवावी. जड दगड वाळूवर न ठेवता थेट तळाच्या काचेवर, पातळ फोमच्या तुकड्यावर बसवावेत आणि वाळू नंतर ओतावी, कारण सिक्लिड खणतात आणि दगड घसरून मासा चिरडला जाऊ शकतो. माशांच्या संख्येपेक्षा एक-दोन जागा जास्तच असाव्यात आणि समोरचा एक तृतीयांश भाग मोकळा सोडावा.

बदामाची पाने हा एक उपयोगी देशी उपाय आहे. मुंबई-कोकणात रस्तोरस्ती दिसणाऱ्या रुंद पानांच्या देशी बदामाची आपोआप गळलेली, पूर्ण तपकिरी पाने रहदारी आणि फवारणी यांपासून दूरच्या झाडाखालून गोळा करावीत, धुऊन वाळवावीत आणि सुमारे ५० लिटरला एक या हिशेबाने सोडावीत. पाणी चहासारखे फिके तपकिरी होते, उजेड मंदावतो आणि अमेझॉनकडच्या माशांना ते मानवते. मलावीच्या टाकीत मात्र ही पाने घालू नयेत.

उजेड

अंधारात असलेल्या माशावर एकाएकी प्रखर एलईडी पडला की तो सैरावैरा धावतो आणि कधी टाकीबाहेर उडी घेतो. म्हणून झाकण घट्ट असावे. सकाळी आधी खोलीतला दिवा लावावा किंवा पडदा उघडावा आणि वीस मिनिटांनी टाकीचा दिवा लावावा. रात्री हाच क्रम उलटा ठेवावा. टायमर लावून रोज आठ तासांची वेळ ठरवून द्यावी. पृष्ठभागावर तरंगणाऱ्या रोपांनी एक तृतीयांश भाग झाकला, तर माशाला डोक्यावर छप्पर मिळते. जास्तीची रोपे ओढ्यात किंवा तळ्यात टाकू नयेत; ती वाळवून कुंडीत घालावीत.

धीर देणारे मासे

वरचे सगळे केल्यावरही सिक्लिड बाहेर येत नसतील, तर आता ती खूण द्यायची वेळ आली. सिक्लिडच्या वर्तनाचे अभ्यासक जॉर्ज बार्लो यांनी १९६८ मध्ये हा उपाय शास्त्रीय नियतकालिकात मांडला आणि त्यांच्या शब्दावरून अशा माशांना जगभर ‘डिदर फिश’ म्हणतात. मराठीत मी त्यांना धीर देणारे मासे म्हणतो. मोकळ्या पाण्यात निवांत फिरणारा लहान माशांचा थवा दिसला की आडोशातला सिक्लिड ओळखतो, की शिकारी जवळ नाही. थवा एकाएकी दडला, तर तोही दडतो. एवढ्या साध्या देवाणघेवाणीवर हा उपाय उभा आहे, आणि तो काम करताना पाहणे हा मला या छंदातला सर्वांत मोठा आनंद वाटतो.

निवड मात्र काळजीपूर्वक करावी. हा मासा वरच्या किंवा मधल्या थरात पोहणारा, थव्याने राहणारा, चपळ पण स्वतः न भेदरणारा, पंख न कुरतडणारा आणि सिक्लिडच्या तोंडात न मावणारा असावा. मोठ्या एंजलबरोबर निऑन टेट्रा सोडले, तर ते रात्रीतून कमी होत जातात. तिथे लेमन टेट्रा किंवा काँगो टेट्रा चांगले. टायगर बार्ब एंजलच्या लांब पंखांचे तुकडे करतात, म्हणून ते टाळावेत. ऑस्करसोबत पूर्ण वाढलेले सिल्व्हर डॉलर ठेवावेत. सेव्हरमसोबत आपल्या पश्चिम घाटातल्या ओढ्यांत आढळणारे जायंट डॅनिओ उत्तम काम करतात. बुटक्या सिक्लिडबरोबर एम्बर टेट्रा आणि पेन्सिलफिश, तर म्बुनाबरोबर जड पाणी सोसणारे, चपळ रेनबो मासे. मिस केरळ नावाने विकला जाणारा डेनिसन बार्ब देखणा आणि या कामाला योग्य आहे. पण तो निसर्गात संकटग्रस्त असल्याने टाकीत पैदास केलेलाच घ्यावा.

संख्या सहापेक्षा कमी नको, आठ-दहा असल्या तर बरे. दोन-तीनच सोडले तर ते स्वतःच भेदरतात आणि उलटाच परिणाम होतो. नवे मासे तीन ते चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून, आजार नाही याची खात्री करून, संध्याकाळी दिवा बंद करून सोडावेत. टाकी आधीच भरलेली असेल, तर थवा वाढवण्याआधी फिल्टरची क्षमता तपासावी. एकट्याने ठेवल्या जाणाऱ्या फ्लॉवरहॉर्नला मात्र हा उपाय लागू पडत नाही. तो थव्याचा फडशा पाडतो.

खाण्यातून ओळख

रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या कोपऱ्यात, अगदी थोडे खाणे द्यावे. पहिला आठवडा खाणे टाकून दूर जावे, दुसऱ्या आठवड्यात पाच-सहा फुटांवर थांबावे आणि मग रोज थोडे थोडे जवळ यावे. दोन-तीन मिनिटांत न संपलेले खाणे काढून घ्यावे, नाहीतर पाणी बिघडून सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. निरोगी मोठा मासा दोन-तीन दिवस उपाशी राहिला, तरी त्याला काही होत नाही. काचेवर टिचक्या मारू नयेत. घरातल्या मुलांना तसे का करायचे नाही हे समजावून खाणे घालण्याचे काम त्यांच्याकडे सोपवले, तर ती फार मनापासून ते करतात. साधारण चार ते सहा आठवड्यांत फरक दिसू लागतो. या काळात दर दोन दिवसांनी नवे काही करून पाहू नये. एक बदल करून किमान आठवडाभर थांबावे.

सण आणि अंड्यांचा काळ

गणेशोत्सवात ढोलताशांचे आणि दिवाळीत फटाक्यांचे हादरे जमिनीतून टाकीपर्यंत पोहोचतात. त्या दिवसांत टाकीच्या तिन्ही बाजूंना जाड चादर लावावी, दिवा मंद किंवा बंद ठेवावा, खाणे निम्म्यावर आणावे आणि पाणीबदल आधीच उरकून घ्यावा. चादरीने झाकण पूर्ण बंद होऊन हवा अडणार नाही, हे पाहावे. सगळा दिवस गडबडीत गेला, तर दुसऱ्या दिवशी मासे कोपऱ्यात दिसतील. त्यांना हात लावू नये, ते आपोआप बाहेर येतात.

जोडीने अंडी घातली, तर भेदरलेले आईबाप ती खाऊन टाकतात. म्हणून समोरच्या काचेवर बाहेरून कागद चिकटवावा आणि पाहण्यासाठी दोन बोटांची फट ठेवावी. धीर देणारा थवा तेव्हा शत्रू ठरू शकतो, कारण तो पिल्ले टिपतो; थवा हलवता येत नसेल, तर जाळीदार विभाजक लावावा. एंजलची पिल्ले अंडी घातल्यापासून साधारण आठवडाभराने पोहू लागतात. ती आईबापांमागे मोकळ्या पाण्यात येऊ लागली, की कागद खालून वर रोज दोन-तीन बोटे कमी करत जावा.